मांडवातली टचस्क्रीन

विमानतळावरचं चेक-इनचं यंत्र दिवसभर शेकडो लोकांची बोटं सोसतं आणि सहसा कुरकुरत नाही. तेच यंत्र चाकांवर घालून एखाद्या कृषी प्रदर्शनाच्या मांडवात किंवा मैदानावरच्या मैफलीच्या दाराशी आणून उभं करा. दुपारपर्यंत कुणीतरी त्यावर ‘बंद आहे’ असा कागद चिकटवलेला दिसण्याची शक्यता बरीच. यंत्र तेच, सॉफ्टवेअरही तेच. पण विमानतळावर त्याच्या डोक्यावर छप्पर होतं, खाली सपाट फरशी होती, भिंतीत अर्थिंग केलेला सॉकेट होता. या गोष्टी किऑस्कच्या, म्हणजे अशा उभ्या स्वयंसेवा यंत्राच्या, माहितीपत्रकात नसतात, कारण त्या इमारतीकडून फुकट मिळतात. तात्पुरत्या जागेसाठी किऑस्क बनवायचा तर ही इमारत थोडीथोडी पेटीत भरून न्यावी लागते.

सगळ्यात आधी कुरकुरते ती काच. आजच्या बहुतेक टचस्क्रीन बोटाचा दाब ओळखत नाहीत, त्या विद्युत धारिता, म्हणजे वीजभार साठवण्याची क्षमता, मोजतात. काचेच्या मागे इंडियम टिन ऑक्साइडच्या उभ्या-आडव्या पट्ट्यांची जाळी असते. हा पदार्थ वीज वाहून नेतो आणि त्यातून आरपारही दिसतं. एका पट्टीत विजेचे बारीक स्पंद सोडायचे आणि तिला छेदणाऱ्या पट्टीत त्यातलं किती पोचतं ते मोजायचं. सेकंदाला साधारण शंभर वेळा ही सगळी जाळी अशी तपासली जाते. बोट जवळ आलं की तिथलं विद्युत क्षेत्र थोडंसं बोटातून शरीरात वळतं आणि त्या छेदबिंदूवरची धारिता घटते. ही घट असते पिकोफॅरडच्या काही दशांशांएवढी, आणि एक पिकोफॅरड म्हणजे फॅरड या धारितेच्या एककाचा एक लाख कोटीवा भाग. इतक्या बारीक फरकावर ‘पुढे जा’ हे बटण दाबलं की नाही याचा निकाल लागतो.

ही कल्पना इंग्लंडमधल्या मालव्हर्नच्या रॉयल रडार एस्टॅब्लिशमेंटमध्ये ई. ए. जॉन्सन यांनी 1965 मध्ये मांडली, तीही हवाई वाहतूक नियंत्रकांसाठी. पुढे सर्न या युरोपातल्या कणभौतिकी संशोधन संस्थेत बेंट स्टुम्पे यांनी पारदर्शक टचस्क्रीन घडवली आणि ती एसपीएस या कणत्वरकाच्या नियंत्रण कक्षात बसली. दोन्हीकडे खोली बंदिस्त आणि वापरणारी माणसं प्रशिक्षित. मांडवात यातलं एकही नसतं.

पावसाचंच घ्या. पाणीही विद्युत क्षेत्र वळवतं, त्यामुळे काचेवरून ओघळणारा थेंब यंत्राला सरकणाऱ्या बोटासारखा भासू शकतो. स्क्रीन स्वतःच पानं उलटायला लागते ती यामुळे. स्पर्श मोजणाऱ्या चांगल्या चिप (कंट्रोलर) यावर दोन पद्धतींनी मोजून ताळा करतात. दोन पट्ट्यांमधली धारिता मोजली की सुटा थेंब दिसतो. प्रत्येक पट्टीची स्वतंत्र धारिता मोजली तर तो जवळजवळ दिसत नाही, कारण त्याचा जमिनीशी संबंध नसतो. बोटाचा मात्र असतो. दोन्ही मोजण्या जुळल्या तरच ते बोट. पण काचेवर पाण्याचा सलग पापुद्रा बसला आणि तो कडेच्या धातूच्या चौकटीला टेकला, की हा ताळाही चुकतो. दुसऱ्या टोकाला शेतात राबलेल्या हाताची बोटं. घट्ट्यांची जाड कोरडी त्वचा बोट आणि काच यांच्यात अंतर वाढवते, संकेत क्षीण होतो. यंत्राची संवेदनशीलता ऑफिसातल्या बोटांवर ठरवलेली असेल, तर कृषी प्रदर्शनात ज्याच्यासाठी यंत्र आणलं त्याचंच बोट ते नाकारतं.

अर्थिंगचा घोळ याहून वाईट, कारण तो दिसत नाही. मांडवाची वीज जनरेटरवर असते आणि अर्थिंग अनेकदा नावापुरतं. किऑस्कच्या पॉवर सप्लायमध्ये विजेचा गोंगाट जमिनीकडे वळवणारे छोटे कपॅसिटर असतात. अर्थच नसेल तर त्यांच्यामार्फत पत्र्याच्या बॉडीवर विजेचा दाब चढतो. हात लावला की हलक्या मुंग्या येतात त्या याच. आता जमिनीवर उभा असलेला माणूस स्क्रीनला बोट लावतो तेव्हा हा गोंगाट त्याच्या बोटाच्या वाटेने जमिनीकडे जातो. परिणामी कुणी हात लावत नाही तोवर स्क्रीन शहाण्यासारखी वागते आणि बोट टेकताच त्याच रांगेत वर-खाली खोटे स्पर्श उमटतात. तंत्रज्ञ येतो, लॅपटॉप जोडून तपासतो, सगळं ठीक दिसतं. तो जातो, लोक येतात आणि पुन्हा तेच. अशा वेळी सॉफ्टवेअर बदलण्याऐवजी ओल्या मातीत अर्थिंगचा रॉड ठोकून पाहावा.

धारितेच्या नादी न लागता बोट ओळखण्याचा दुसरा मार्ग इन्फ्रारेडचा. चौकटीत एका बाजूला अदृश्य किरण सोडणारे दिवे, समोर ते टिपणारे सेन्सर. बोटाने किरण अडवले की जागा कळते. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या प्लेटो-4 या संगणकप्रणालीत 1972 मध्ये 16 गुणिले 16 किरणांची अशी जाळी होती, आणि त्याच विद्यापीठात 1977 मध्ये विद्यार्थ्यांना वेळापत्रकं नि पत्ते शोधून देणारा एक किऑस्क उभा राहिला. स्वयंसेवा किऑस्कच्या वंशावळीत तो पहिल्यांपैकी धरला जातो. इन्फ्रारेडला हातमोजे चालतात, घट्टे चालतात, पेनचं टोकही चालतं. फक्त माशी बसली तरी तो स्पर्शच वाटतो आणि तिरपं ऊन थेट सेन्सरवर आलं की सेन्सर दिपून जातात. म्हणून इन्फ्रारेडची मोठी स्वस्त स्क्रीन मांडवाच्या आत लावावी आणि दाराबाहेर जाड काचेची धारितेवर चालणारी, असं माझं मत.

ऊन स्क्रीनचं दिसणंही बिघडवतं. ऑफिसातल्या मॉनिटरची उजळता सुमारे 300 निट असते (निट हे उजळतेचं एकक, लक्स हे पडणाऱ्या प्रकाशाचं). भर दुपारी जमिनीवर साधारण 1 लाख लक्स प्रकाश पडतो. उन्हात पांढरा शर्ट घालून उभ्या असलेल्या माणसाच्या शर्टाची उजळता यातून निघते सुमारे 25,000 निट, आणि साध्या काचेचा एक पृष्ठभाग त्यातला 4 टक्के प्रकाश परत फेकतो, म्हणजे 1,000 निट. बटण 300 चं, शर्टाचं प्रतिबिंब 1,000 चं. माणूस स्क्रीनवर स्वतःचा शर्टच बघत उभा राहतो. बाहेरच्या किऑस्कला 1,000 ते 2,500 निटची स्क्रीन लागते ती यासाठी. शिवाय काच आणि पॅनेल यांच्यातली हवेची फट पारदर्शक चिकट पदार्थाने भरून टाकतात, म्हणजे आतल्या पृष्ठभागांवरून होणारं परावर्तन जवळपास नाहीसं होतं. पण उजळता वाढली की आतली उष्णता वाढते, वरून ऊन चौरस मीटरमागे सुमारे 1,000 वॉट ओततंच आहे. साध्या पॅनेलमधलं लिक्विड क्रिस्टल 70-80 अंश सेल्सियसच्या पुढे आपली शिस्तबद्ध रचना सोडतं आणि स्क्रीनवर काळे डाग पसरतात. थंड झाल्यावर ते जातात, पण गर्दीच्या वेळी थंड व्हायला उसंत कुठे? बाहेरच्या कामासाठी 110 अंशांपर्यंत टिकणारी पॅनेलं मिळतात. ती महाग असतात, त्यामुळे टेंडरमध्ये हा मुद्दा हळूच गळतो. खरं तर पश्चिमेकडे पाठ करून किऑस्क उभा केला तरी अर्धं काम होतं, आणि त्याला पैसे पडत नाहीत.

विजेचा हिशेब त्यामानाने सोपा. उजळ स्क्रीन, छोटा संगणक आणि प्रिंटर मिळून 100 वॉट धरले तर 10 तासांना 1 युनिट वीज लागते. एवढी वीज साठवणारी लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी साधारण 10 किलोची. हे ओझं तळाशी ठेवलं की किऑस्कचा गुरुत्वमध्य खाली येतो आणि पोरांनी धक्का दिला तरी तो सहज पडत नाही. उभं उपकरण 10 अंश कलवलं तरी कोसळता कामा नये, अशी आंतरराष्ट्रीय सुरक्षा मानकांत चाचणीच आहे. मांडवातल्या गालिच्याखालच्या खड्ड्यांना हे मानक ठाऊक नसतं, म्हणून किऑस्कच्या पायांना उंची जुळवणारे स्क्रू हवेतच. नेटवर्कचं म्हणाल तर हजारो लोक एकाच टॉवरला लटकलेले असताना किऑस्कने त्याच टॉवरवर विसंबणं धोक्याचं. तिकिटाच्या क्यूआर कोडमध्येच डिजिटल सही असेल तर ती खरी आहे का, हे इंटरनेटशिवाय तपासता येतं. तेच तिकीट दोनदा वापरलं का, हे कळण्यासाठी मात्र सगळी यंत्रं आपापसात तरी जोडलेली लागतात.

यंत्रं किती आणायची, हा प्रश्न आयोजक अंदाजाने सोडवतात, आणि इथे अंदाज हमखास फसतो. समजा तासाला 400 माणसं येतात, प्रत्येकाला सरासरी 1 मिनिट लागतं. हे 400 मिनिटांचं काम, म्हणजे सुमारे पावणेसात यंत्रांना पुरेल इतकं. मग 7 यंत्रं बस झाली? कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या ए. के. एर्लांग या डॅनिश गणितज्ञाने 1917 मध्ये नेमक्या अशाच प्रश्नाचं सूत्र दिलं; त्याचा प्रश्न फोनच्या लाइनींचा होता. माणसं कशीही, अनियमित अंतराने येतात आणि सगळ्या यंत्रांसाठी एकच सामाईक रांग आहे असं धरून ते सूत्र लावलं, तर 7 यंत्रांवर रांगेत सरासरी अडीच मिनिटांहून थोडं जास्त थांबावं लागतं. आठवं यंत्र आणलं की ही थांबणूक 24 सेकंदांवर येते, नववं आणलं की 8 सेकंदांवर. सातवरून आठवर जाण्याने जे साधतं ते आठवरून नऊवर जाण्याने साधत नाही. उलटही तितकंच खरं: आठातलं एक बंद पडलं की पुन्हा अडीच मिनिटं, आणि दोन बंद पडली की रांग तासाला 40 माणसांनी वाढत जाते, थांबतच नाही.

आणि यंत्रं बंद कशाने पडतात? बहुधा कागद संपल्याने. 80 मीटरचा रोल, 15 सेंटीमीटरची पावती, म्हणजे रोलमागे साधारण 530 पावत्या. वरच्या उदाहरणात प्रत्येक यंत्राच्या वाट्याला तासाला 50 माणसं येतात. सकाळी नऊला आठही यंत्रांत नवे रोल घातले, तर ते सगळे संध्याकाळी साडेसातच्या आगेमागे संपतील, ऐन गर्दीत आणि एकदम. रोल मुद्दाम पुढेमागे बदलण्याची शिस्त ठेवली तर हे टळतं.

मुंबईत लोकलच्या स्थानकांवर एटीव्हीएम या तिकिटाच्या यंत्रांपाशी रेल्वेचे निवृत्त कर्मचारी उभे असतात आणि लोकांना भराभर तिकिटं काढून देतात. स्वयंसेवेच्या यंत्राला माणूस कशाला, असं हसून म्हणणारे भेटतात. त्यांनी एर्लांगचं सूत्र लावून पाहावं. माणसाच्या मदतीने 60 सेकंदांचे 50 झाले तर 7 यंत्रांवरची थांबणूक 16 सेकंदांवर येते. म्हणजे सात यंत्रं आणि एक जाणता माणूस हे आठ यंत्रांपेक्षा सरस.

हे सेकंद स्क्रीनच्या मांडणीतही सांडतात. उभ्याने, अनोळखी स्क्रीनवर अंक दाबताना बटण किती मोठं हवं, याचा 2004 मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. उत्तर आलं 20 मिलीमीटर, मोबाईलवरच्या बटणाच्या दुपटीहून जास्त. याबाबतीत मला सगळ्यात आवडतं ते 1984 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकचं काम. खेळाडूंना घरच्यांचे आवाजी निरोप ऐकता यावेत म्हणून आयबीएमने क्रीडाग्रामात काही आठवड्यांपुरते किऑस्क उभे केले. टचस्क्रीन नव्हती, फोनची बटणं होती; भाषा 12. आयबीएममधल्या जॉन गूल्ड यांच्या गटाने आधी यंत्र बनवलंच नाही. प्रयोगशाळेच्या दर्शनी भागात नुसतं पोकळ नळकांडं उभं केलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना मतं विचारली. पुढे चालू यंत्रणा विद्यार्थ्यांच्या हाती देऊन ‘मोडून दाखवा’ म्हणून आव्हानही दिलं. स्पर्धेच्या काळात ती 40 हजारांहून अधिक वेळा वापरली गेली.

आपल्याकडे तात्पुरत्या जागी नेऊन लावायच्या यंत्राचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे ईव्हीएम, आणि त्यात टचस्क्रीन नाही. केरळमधल्या परवूरला 1982 मध्ये ते पहिल्यांदा वापरलं गेलं तेव्हापासून बटणंच आहेत, मतदानयंत्र चालतं बॅटरीवर. अमेरिकेत काही ठिकाणी टचस्क्रीनवर मतदान झालं, तिथे स्क्रीनचं कॅलिब्रेशन, म्हणजे बोटाची जागा आणि चित्राची जागा यांचा मेळ, सरकल्याने बोट एका नावावर आणि खूण दुसऱ्या नावापुढे अशा तक्रारी आल्या. बटणाला कॅलिब्रेशन लागत नाही. पण पुढे ईव्हीएमला व्हीव्हीपॅटचा, म्हणजे मत कुणाला गेलं याची चिठ्ठी छापून दाखवणारा, प्रिंटर जोडला आणि छपाई बरोबर झाली का हे पाहणारा प्रकाशावर चालणारा सेन्सर त्यात आला. मे 2018 मध्ये भंडारा-गोंदियाच्या पोटनिवडणुकीत, ऐन विदर्भाच्या उन्हाळ्यात, हे प्रिंटर बऱ्याच केंद्रांवर अडले आणि 49 केंद्रांवर फेरमतदान घ्यावं लागलं. त्या सेन्सरवर थेट पडलेला जास्तीचा प्रकाश आणि कागदाने धरलेला ओलावा ही कारणं पुढे आली. नंतरच्या यंत्रांत सेन्सरवर छोटा आडोसा बसवला आणि ओलावा न धरणारा कागद घेतला.