आधी हवा, मग पंख : परग्रहांवरच्या महाकाय उडत्या जीवांची कुळकथा

परग्रहावरचा अवाढव्य उडता प्राणी चितारायचा झाला, की बहुतेक जण आधी पंख काढतात. खरं तर आधी विचारायला हवं, की तिथली हवा कशी आहे आणि गुरुत्वाकर्षण किती. या प्रश्नापर्यंत यायला माणसाला बराच काळ लागला.

गणिताचा पाया गॅलिलिओने १६३८ मध्येच घातला होता. प्राणी सर्व बाजूंनी दुप्पट केला, तर हाडांच्या छेदाचं क्षेत्रफळ चौपट होतं, वजन मात्र आठपट. पंखांनाही हाच नियम लागू पडतो. त्यामुळे लहान पक्ष्याचा नुसता आकार वाढवत नेला, तर कधी ना कधी त्याचे पंख त्याला पेलेनासे होतात.

डच शास्त्रज्ञ ख्रिस्तियान हायगेन्सने या अडचणीकडे दुसऱ्या बाजूने पाहिलं. इतर ग्रहांवरच्या जीवसृष्टीविषयीचं त्याचं पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर, १६९८ मध्ये प्रसिद्ध झालं. दुसऱ्या ग्रहाची हवा आपल्यापेक्षा दाट असू शकेल आणि ती उडणाऱ्या जीवांना अधिक सोयीची ठरेल, असा तर्क त्यात आहे. विमानाच्या दोनशे वर्षं आधी केलेला हा विचार मला थक्क करतो.

पुढे मात्र हा धागा सुटला. ऑगस्ट १८३५ मध्ये न्यूयॉर्कच्या 'द सन' या वृत्तपत्राने चंद्रावर वटवाघळासारखे पंख असलेली माणसं दिसल्याची लेखमाला छापली आणि ती प्रसिद्ध खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांच्या निरीक्षणांच्या नावावर खपवली. चंद्राआड जाणारा तारा हळूहळू मंद न होता एकदम दिसेनासा होतो. त्यावरून तिथे दखल घेण्याजोगी हवा नाही, हे खगोलशास्त्रज्ञांना तेव्हाही ठाऊक होतं. पंख होते, पण ते मारायला हवाच नव्हती. जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२६ मध्ये अशा पंखधारी माणसाचा हिशेबच मांडला : उडण्याचे स्नायू मावायचे, तर त्याची छाती सुमारे चार फूट पुढे यायला हवी.

पृथ्वीवर उडत्या प्राण्याच्या आकाराची मर्यादा नेमकी कुठे आहे, याचा अंदाज १९७१ मध्ये हलला. टेक्सासमध्ये डग्लस लॉसन यांना क्वेत्झालकोआट्लस या टेरोसॉरची, म्हणजे डायनासोरांच्या काळातल्या उडणाऱ्या सरीसृपाची, हाडं सापडली. आजच्या अंदाजाने त्याच्या पंखांचा पसारा १० ते ११ मीटर आणि वजन दोनशे किलोच्या आसपास. एवढं धूड जमिनीवरून उठत कसं असेल? पक्षी मागच्या दोन पायांवर उसळतो. टेरोसॉर मात्र पंखांचे दणकट स्नायू वापरून चारही अवयवांवर उसळी घेत असावा, असं मायकेल हबीब यांनी २००८ मध्ये मांडलं. परग्रहाचे प्राणी रचणाऱ्याने हा मुद्दा विसरू नये. हवेत तरंगण्याइतकंच उड्डाणाची सुरुवात करणंही अवघड असतं.

दरम्यान कार्ल सेगन आणि एडविन साल्पीटर या खगोलशास्त्रज्ञांनी १९७६ मध्ये गुरूच्या वातावरणासाठी अख्खी जीवसृष्टी कल्पिली. या परंपरेतलं मला सर्वांत देखणं वाटणारं काम हेच. गुरूवर टेकायला जमीनच नाही. खोल गेलेला जीव उष्णतेने संपणार. म्हणून त्यांनी पंखांऐवजी फुगे निवडले : काही किलोमीटर रुंदीचे तरंगते जीव आणि त्यांच्यावर जगणारे शिकारी. पण गुरूची हवा मुख्यतः हायड्रोजनची आणि हायड्रोजनपेक्षा हलका वायू नाही. मग तरंगायचं कसं? आतला हेलियम व जड वायू बाहेर टाकून, किंवा आतला वायू तापवून. आकार एवढा प्रचंड का, याचंही उत्तर इथे मिळतं : फुगा मोठा होतो तसं त्याला उचलून धरणारं घनफळ त्याच्या कातडीपेक्षा वेगाने वाढतं. गॅलिलिओचा जो नियम पंखांना मारतो, तोच फुग्याला तारतो.

हायगेन्सच्या दाट हवेचा पुरावा शेवटी शनीच्या टायटन या चंद्रावर मिळाला. टायटन त्यानेच १६५५ मध्ये शोधला होता, पण त्यावर वातावरण आहे हे जेरार्ड कायपर यांनी १९४४ मध्ये दाखवलं. १४ जानेवारी २००५ रोजी हायगेन्सच्याच नावाचं यान तिथे उतरलं. पृष्ठभागाजवळची हवा आपल्यापेक्षा सुमारे चौपट दाट, गुरुत्वाकर्षण जेमतेम एक सप्तमांश. दोन्ही मिळून हिशेब केला, तर त्याच पंखांना पृथ्वीवर लागतो त्याच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी वेग तिथे पुरतो. धडधाकट माणूस हातांना पंख बांधून उडू शकेल, असं ते ठिकाण आहे. नासाचं ड्रॅगनफ्लाय हे फिरत्या पात्यांवर उडणारं मोटारीएवढं रोटरयान २०२८ मध्ये निघून २०३४ मध्ये तिथे पोहोचायचं नियोजन आहे, ते याच हवेच्या भरवशावर.

पण टायटनवर महाकाय पक्षी सोडताना मी अडखळतो. तापमान उणे १७९ अंश सेल्सिअस, सूर्यप्रकाश आपल्या शंभराव्या हिश्श्याच्या आसपास, त्यातही धुरकट थर. तिथे उडायला ताकद कमी लागेल हे खरं, पण तेवढी ताकद देणारं अन्न त्या थंडीत तयार कशातून होणार? यापुढच्या कल्पनाचित्रांनी आधी हे उत्तर द्यावं, पंखांची लांबी नंतर ठरवावी.