बाबिलोनी बंदिवास

बाबिलोनी बंदिवास : बाबिलोनचा राजा दुसरा नबुखद्नेस्सर याने यहूदाचे, म्हणजे यरुशलेमभोवतालचे यहुदी लोकांचे, राज्य जिंकून तेथील लोकांना मेसोपोटेमियात नेऊन वसवले. इ. स. पू. सहाव्या शतकातील या सक्तीच्या परदेशवासाला हे नाव आहे. बंदिवास म्हटले की कोठडी आणि बेड्या डोळ्यांपुढे येतात. प्रत्यक्षात बहुतेकांच्या वाट्याला कालव्याकाठची शेती, जमिनीचा खंड भरणे आणि राजाची चाकरी आली.

इ. स. पू. ५९७ मध्ये यरुशलेम शरण आले. तरुण राजा यहोयाखीन, त्याचा दरबार, कारागीर आणि लोहार बाबिलोनला नेण्यात आले. त्याच्या जागी बसवलेल्या सिद्कीयाने पुढे बंड केले. तेव्हा दीर्घ वेढ्यानंतर ५८७ किंवा ५८६ मध्ये शहर पडले आणि शलमोनाचे मंदिर जाळले गेले. बायबलमधील यिर्मया संदेष्ट्याच्या ग्रंथात तीन खेपांचे आकडे आहेत : ३,०२३, ८३२ आणि ७४५, म्हणजे एकूण ४,६००. राजांच्या ग्रंथात पहिल्याच खेपेला दहा हजार नेल्याचे म्हटले आहे. काही झाले तरी बहुसंख्य प्रजा मागेच राहिली. गेले ते लिहिणारे, घडवणारे आणि राज्य चालवणारे लोक.

या घटनेआधी, इ. स. पू. ७२२ च्या सुमारास, अश्शूरने उत्तरेचे इस्राएल राज्य असेच मोडले होते. तिथले हद्दपार लोक पुढे इतरांत मिसळून गेले. त्यांचा माग इतिहासात लागत नाही. यहूदाचे लोक मात्र टिकले. याचे एक कारण बाबिलोनच्या धोरणातच आहे : हद्दपारांना विखरून न टाकता गटागटाने वसवले गेले. निप्पूरजवळच्या खबार कालव्याकाठी तेल-अबीब नावाची अशी एक वसाहत होती. यहेज्केल संदेष्टा तिथेच राहत होता आणि वडीलमंडळी त्याच्या घरी येऊन बसत. त्याला चाकांच्या सिंहासनावर देवाचे तेज दिसले, तेही याच परक्या मुलखात. देव मंदिराला बांधलेला नाही, तो आपल्या लोकांबरोबर कुठेही जाऊ शकतो, असे त्या दर्शनाचे सांगणे आहे आणि श्रद्धेच्या इतिहासातले ते फार मोठे वळण आहे.

यरुशलेमहून यिर्मयाने या लोकांना पत्र पाठवले. घरे बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्ने करा आणि ज्या शहरात तुम्हाला नेले त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा, असे त्यात आहे. उद्या सुटका होईल अशी आशा दाखवणाऱ्यांपेक्षा हा सल्ला कडू होता, पण तोच खरा ठरला. दुसरीकडे १३७ वे स्तोत्र आहे : नदीकाठी बसून सियोनेच्या (यरुशलेमच्या) आठवणीने रडणारे, वीणा झाडांना टांगून ठेवणारे, परक्या भूमीत परमेश्वराचे गीत कसे गावे असे विचारणारे. घर बांधणे आणि आठवण न सोडणे, दोन्ही त्यांना एकाच वेळी साधायचे होते.

याचा पुरावा मातीच्या पाट्यांवर आहे. बाबिलोनच्या राजवाड्यात सापडलेल्या शिधावाटपाच्या नोंदींत यहूदाचा राजा यहोयाखीन आणि त्याचे पाच मुलगे यांना दिलेल्या तेलाचा हिशेब मिळतो. अल-याहुदू, म्हणजे ‘यहूदानगर’, या गावाशी संबंधित सुमारे २०० पाट्या इ. स. पू. ५७२ ते ४७७ या काळातल्या आहेत. त्यांत कर्ज, जव, खजूर, खंड आणि वाटण्या असा रोजचा संसार आहे. खरे मोल आहे ते नावांना. पिढ्यान्‌पिढ्या लोक मुलांच्या नावांत ‘याहू’ हा देवनामाचा अंश ठेवत राहिले. एका माणसाचे नाव काही पाट्यांवर ‘बेल-शर-उसूर’, तर काहींवर ‘याहू-शर-उसूर’ असे येते. राजाचे रक्षण कर, अशी प्रार्थना दोन्ही नावांत आहे. फक्त ती बाबिलोनच्या बेल देवाला की याहूला, ते बदलते. आणखी एका पाटीवर कीलाकार (खिळ्यांसारख्या खुणांच्या) लिपीतील मजकुराशेजारी ‘शेलेम्याह’ हे नाव जुन्या हिब्रू अक्षरांत कोरलेले आहे.

मंदिर आणि बलिदान नसताना शब्बाथ (शनिवारची विश्रांती), सुंता, आहाराचे नियम, उपास आणि ग्रंथ यांना नवे वजन आले. घेणेही झालेच : यहुदी पंचांगातली निसान, तम्मूज ही महिन्यांची नावे बाबिलोनी आहेत. यरुशलेमला परतलेल्यांचा पुढारी जरुब्बाबेल याच्या नावाचा अर्थही ‘बाबेलचे बीज’ असा लावतात.

बंदिवासातील निष्ठेची सर्वांत प्रभावी कथा, बायबलमधील दानीएलाच्या ग्रंथाची, फार नंतरची आहे. आजच्या रूपातला तो ग्रंथ इ. स. पू. १६५ च्या आसपास, ग्रीक वंशाचा राजा चौथा अँटिओकस याने यहुद्यांच्या केलेल्या छळाच्या काळात सिद्ध झाला, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्यात बेलशस्सर हा नबुखद्नेस्सराचा मुलगा म्हटला आहे. वास्तवात तो बाबिलोनचा शेवटचा राजा नबोनिदस याचा होता. म्हणून कथेचे मोल उणावत नाही. राजाचे अन्न नाकारून डाळभाजी खाणारी चार मुले, यरुशलेमच्या दिशेची खिडकी उघडी ठेवून दिवसातून तीनदा प्रार्थना करणारा म्हातारा दरबारी : छळ सोसणाऱ्या वाचकांना जुन्या काळाच्या आडून धीर देणारी ही इतिहासाच्या पार्श्वभूमीवर रचलेली कथाच आहे.

इ. स. पू. ५३९ मध्ये इराणच्या कोरेशाने (सायरसने) बाबिलोन घेतले आणि परतीची वाट खुली झाली. एज्राच्या ग्रंथात परतलेल्यांची संख्या ४२,३६० आहे. दुसरे मंदिर ५१५ च्या सुमारास पुरे झाले. अनेक जण मात्र परतले नाहीत. निप्पूरच्या मुराशू या सावकारी घराण्याच्या पाचव्या शतकातील कागदपत्रांत त्यांची नावे भेटतात. बाबिलोनचा यहुदी समाज पुढे शतकानुशतके विद्येचे केंद्र राहिला.

मंदिरनाशाचा शोक अव या यहुदी महिन्याच्या नवमीला उपासाने पाळतात. कोकणातले बेने इस्राएल यहुदी, ज्यांना शनिवारी घाणा बंद ठेवण्यावरून ‘शनवार तेली’ म्हणत, त्या दिवसाला ‘बिरड्याचा सण’ म्हणत आले आहेत : उपास सोडताना पानात वालाचे बिरडे असते.