हेगला खटला, पण कोणापुढे?
परवा बेळगावात खडेबाजारातल्या चहाच्या टपरीवर एका काकांनी मोबाइलवर हेगच्या पीस पॅलेसचा फोटो दाखवला. "केर्न कंपनीनं भारताला हरवलं ते ह्याच आंतरराष्ट्रीय न्यायालयात. आपला सीमाप्रश्नही तिथंच न्यायला हवा." तळमळ खरी, म्हणूनच ही जुनी समजूत दूर व्हायला हवी.

इमारत तीच, पण तिच्यात बिऱ्हाडं दोन. आंतरराष्ट्रीय न्यायालयात फक्त देश पक्षकार होतात. कंपनी नाही, राज्यही नाही. केर्न या ब्रिटिश तेल कंपनीचा भारत सरकारशी करावरून झालेला वाद चालला तो शेजारच्या, १८९९ साली स्थापन झालेल्या स्थायी लवाद न्यायालयाच्या देखरेखीखाली. नावात न्यायालय असलं तरी तिथं कायमचे न्यायाधीश बसत नाहीत. बांधावरच्या भांडणात दोघं आपापला पंच आणतात आणि वर एक सरपंच बसवतात ना, साधारण तसंच: तीन लवाद, त्या एका वादापुरते. त्यांना अधिकार मिळाला तो भारत-ब्रिटन यांच्या १९९४ च्या गुंतवणूक करारातून, म्हणजे आपल्याच सरकारच्या सहीतून.

आणि असे लवाद देशाचा कुठलाही कायदा रद्द करत नाहीत. डिसेंबर २०२० मध्ये त्यांनी केर्नकडची करमागणी सोडायला आणि सुमारे १२० कोटी डॉलर भरपाई द्यायला सांगितलं. पण ही मागणी ज्या २०१२ च्या पूर्वलक्षी, म्हणजे मागच्या तारखेपासून लागू केलेल्या, करदुरुस्तीवर उभी होती, ती कायद्यात तशीच होती. तिच्या आधारे जुन्या व्यवहारांवर होणारी करआकारणी थांबवली ती संसदेनं, ऑगस्ट २०२१ मध्ये.

सीमाप्रश्न दोन राज्यांमधला. घटनेच्या १३१ व्या कलमाखाली महाराष्ट्रानं २००४ साली दाखल केलेला त्याचा दावा दिल्लीत, सर्वोच्च न्यायालयापुढे आहे.