हार्ट अटॅकला ॲसिडिटी समजून घरी पाठवलं? बेळगाव भागात तक्रार कशी करायची

पहाटे घाम फुटला, छातीत जळजळ सुरू झाली. दवाखान्यात ॲसिडिटीचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं आणि दुपारपर्यंत माणूस गेला. आमच्या भाऊबंदांत हे घडलंय. तेव्हा कुणाकडे जायचं हेच कळत नव्हतं, म्हणून हे लिहितोय.

निदान चुकलं म्हणजे लगेच हलगर्जीपणा ठरत नाही. पहिला ईसीजी नॉर्मल येऊनही अटॅक असू शकतो. बायकांना आणि मधुमेहींना कधी नुसता दम लागतो, मळमळतं, जबडा किंवा पाठ दुखते. अशा तक्रारी ऐकणारा ग्राहक आयोग बघतो ते एवढंच, की जाणत्या डॉक्टरनं जे केलं असतं ते इथं झालं का? ईसीजी काढला का, हृदयाला इजा झाली की रक्तात वाढणाऱ्या ट्रोपोनिनची तपासणी केली का, काही तासांनी ती पुन्हा केली का? यातलं काहीच झालं नसेल, तर तक्रारीत दम आहे.

तक्रार कोण करू शकतो

रुग्ण, बिल भरणारा, किंवा रुग्ण दगावला असेल तर वारस. बिल विम्यातून गेलं असलं तरी चालतं. सगळ्यांना मोफत उपचार देणारा सरकारी दवाखाना मात्र ग्राहक आयोगाच्या कक्षेत येत नाही. सुप्रीम कोर्टानं १९९५ सालीच हे स्पष्ट केलंय. तक्रार करायची मुदत दोन वर्षांची.

कुठे

आपल्या सीमाभागाला सर्वांत उपयोगी गोष्ट हीच. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. निपाणीचा माणूस कोल्हापूरला किंवा मिरजेला ॲडमिट होता, तरी तक्रार बेळगावच्या जिल्हा आयोगात चालते. चंदगडहून बेळगावला आलेल्यांना कोल्हापुरात करता येते. ग्राहक तक्रारींसाठीच्या सरकारी ई-जागृती पोर्टलवरूनही अर्ज भरता येतो. वकील लावलाच पाहिजे असं नाही.

फी उपचारासाठी दिलेल्या रकमेवर ठरते, मागितलेल्या भरपाईवर नाही. बिल पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. पन्नास लाखांपर्यंतची बिलं जिल्हा आयोगाकडेच येतात.

कागदपत्रं

आधी ईसीजीचा कागद शोधा. तो थर्मल कागद असतो, खिशात-पिशवीत राहून त्यावरच्या रेषा उडून जातात. आजच झेरॉक्स काढा, मोबाइलवर फोटो घ्या. कडेला छापलेली वेळ फोटोत दिसलीच पाहिजे, सगळी केस त्या वेळेवर उभी राहते.

ॲडमिट केलं असेल तर केसपेपरसाठी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणे ७२ तासांत नकला द्यायला हव्यात. सोबत औषधांच्या चिठ्ठ्या, बिलं, डिस्चार्ज कार्ड, आधार आणि नोटरीचं प्रतिज्ञापत्र. मृत्यू झाला असेल तर मृत्यूचा दाखला, शवविच्छेदनाचा अहवाल असल्यास तो, आणि नाडकचेरीतून (कर्नाटकातलं स्थानिक महसूल कार्यालय) हयात कुटुंबीयांचा दाखला. मराठीतल्या कागदांना कन्नड किंवा इंग्रजी भाषांतर जोडा. भाषेपायी आपली तक्रार अडकू देऊ नका.

पुढे

नोटीस मिळाल्यावर हॉस्पिटलला उत्तरासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५ दिवस मिळतात. निकाल तीन महिन्यांत लावावा असं कायदा म्हणतो, पण त्याहून जास्त वेळ धरून चला. निकाल पटला नाही तर ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील.

डॉक्टरवर कारवाई हवी असेल तर कर्नाटक मेडिकल कौन्सिलकडे वेगळा अर्ज करावा लागतो. कोल्हापूर-मिरजेच्या डॉक्टरसाठी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे. तिथे भरपाई मिळत नाही.