लाल ठिपका आणि लाल पिशवी

पुण्यात डायपर किंवा सॅनिटरी पॅड टाकताना ते वर्तमानपत्रात गुंडाळून पुडीवर लाल पेनाने ठसठशीत ठिपका काढायचा, हे बऱ्याच सोसायट्यांच्या अंगवळणी पडलंय. ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या संस्थेने ही खूण रुजवली. दवाखान्यात गेलं की तिथेही लाल पिशवी दिसते. मग लाल म्हणजे ‘जंतूंचा सगळा कचरा’ असा समज होतो, आणि घरी आजोबांचं ड्रेसिंग बदललं की पट्टी, इन्सुलिनची सुई, युरिन बॅग सगळं एकाच पुडीत जातं, वर ठिपका.

खरं तर या दोन लालांचा अर्थ जवळजवळ उलटा आहे. ठिपका सांगतो, उघडू नका. पिशवी सांगते, हे प्रक्रिया करून पुन्हा वापरात आणायचंय.

आधी पिशवी. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६च्या नियमांप्रमाणे लाल पिशवीत दूषित प्लास्टिक जातं: सलाइनच्या बाटल्या आणि नळ्या, कॅथेटर, युरिन बॅग, हातमोजे, सुई वेगळी केलेली सिरिंज. हा माल ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेने जंतू मारणाऱ्या यंत्रात, जातो. साध्या ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंश सेल्सिअस आणि १५ पौंड दाबाला तासभर ठेवावा लागतो. मग श्रेडरमध्ये त्याचे तुकडे होतात, म्हणजे तीच सिरिंज धुऊन पुन्हा बाजारात यायला नको. त्यानंतर तो रिसायकलिंगला जातो. हे जाळत नाहीत, कारण पीव्हीसीसारखं प्लास्टिक जळताना डायॉक्सिन आणि फ्युरान ही घातक रसायनं तयार होतात.

जाळायचा कचरा पिवळ्या पिशवीत: रक्ताने भरलेला कापूस, ड्रेसिंग, ऑपरेशनमध्ये काढलेले अवयव, मुदत संपलेली औषधं. रक्ताची पिशवी प्लास्टिकची असूनही पिवळ्यातच जाते, आणि वॉर्डात नव्याने लागलेल्या मावशी हमखास तिथे अडखळतात. मावशींना कशाला बोल लावायचा? हातमोजे काढून समोर दिसेल त्या डब्यात भिरकावणारे डॉक्टर काही कमी नाहीत. सुया आणि ब्लेड पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात. फुटक्या काचा निळ्यात.

आता ठिपका. तो माणसासाठी आहे. कचरावेचक ताई सुका कचरा हाताने निवडतात: पिशवीची गाठ सोडायची, आत हात घालायचा, दुधाच्या पिशव्या एकीकडे, पुठ्ठा दुसरीकडे. ठिपका दिसला की ती पुडी न उघडता बाजूला जाते. त्यातलं काहीच विकायचं नसतं. म्हणून डायपर, पॅड, अंथरुणावरचे वापरलेले शोषक पॅड या पुडीत. घरची युरिन बॅगही संडासात रिकामी करून याच पुडीत टाकावी. ती सुक्या कचऱ्यात टाकणं सगळ्यात वाईट, कारण तिथे ती चांगल्या प्लास्टिकसारखी दिसते आणि नेमकी हातात घेतली जाते.

सुई मात्र ठिपक्याच्या पुडीत कधीच नको. वर्तमानपत्राचे चार थर सुईला काय अडवणार? ती पुडी दाबली, उचलली, डब्यात फेकली की टोक बाहेर येतं. इन्सुलिनच्या सिरिंजची सुई निघत नाही, म्हणून ती सिरिंजसकट जाड प्लास्टिकच्या, घट्ट झाकणाच्या बरणीत टाका. फिनेलची रिकामी बाटली चालते, पाण्याची पातळ बाटली नाही. वापरलेल्या सुईला दोन हातांनी टोपण लावू नका, तेव्हा अनेकदा टोचतं. बरणीवर ‘सुया’ असं मराठीत ठळक लिहा आणि पाऊण भरली की बंद करा. घरातला असा कचरा वेगळ्या डब्यात कचरा नेणाऱ्यांकडे द्यावा, असं नियमच सांगतात. देताना तोंडाने सांगा. तुमचा नेहमीचा दवाखाना बरणी घेत असेल तर तिथे नेऊन देणं उत्तम.

तरीही कुणाला टोचलीच, तर जखम पिळू नका, चोखू नका. साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा आणि तडक ससूनसारखं मोठं रुग्णालय गाठा. एचआयव्ही रोखणारी औषधं जितकी लवकर तितकी चांगली, पहिल्या दोन तासांत मिळाली तर उत्तमच. ७२ तासांनंतर ती सुरू करत नाहीत. अशा सुईतून हिपॅटायटिस बी होण्याची शक्यता एचआयव्हीपेक्षा कितीतरी जास्त असते, आणि त्याची लस उपलब्ध आहे. सोसायटीत कचरा उचलणाऱ्या ताईंनी तिचे तिन्ही डोस घेतलेत का, ते विचारून बघा.