वीर्य चांगलं, तरी गाई उलटतात

गाय पुन्हा पुन्हा उलटू लागली, म्हणजे रेतन करूनही गाभण न राहता परत माजावर येऊ लागली, की पहिला संशय गाईवरच जातो. तिचा माज, तिचं गर्भाशय, तिचा खुराक, सगळं तपासून होतं. वळू मात्र सुटतो. तो धडधाकट असतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे शुक्राणू जोमानं पळताना दिसतात. पण शुक्राणू पळतो कसा एवढंच तिथे कळतं. त्याच्या पोटात काय आहे, ते नाही.

गाई-बैलांच्या पेशीत ६० गुणसूत्रं, म्हणजे आनुवंशिक माहितीचे धागे, ३० जोड्यांत असतात. १९६४ साली स्वीडनमध्ये इंगेमार गुस्ताव्हसन आणि त्यांचे सहकारी रक्ताचा कर्करोग झालेली जनावरं तपासत होते, तेव्हा काहींमध्ये ती ५९ भरली. हरवलं काहीच नव्हतं. १ नंबरचं मोठं गुणसूत्र आणि २९ नंबरचं छोटं गुणसूत्र टोकाशी चिकटून एक झालं होतं. कर्करोगाशी त्याचा संबंध नव्हताच. नंतर हाच जोड कित्येक जातींच्या निरोगी जनावरांत सापडला.

असा वळू दिसायला, वागायला अगदी नेहमीसारखा. अडचण येते ती शुक्राणू तयार होताना. तिथे प्रत्येक जोडी फुटून एकेक गुणसूत्र एकेका बाजूला जावं लागतं. इथे एका जोडगुणसूत्रासमोर दोन सुटी गुणसूत्रं उभी असतात. बहुतेक वेळा जोड एकीकडे, सुटी दोन्ही दुसरीकडे जातात आणि हिशेब जुळतो. कधी मात्र जोड एका सुट्याला सोबत घेऊन जातो. मग एका शुक्राणूत एक गुणसूत्र जास्त, तर दुसऱ्यात एक कमी.

बिघडलेला हिशेब घेऊनही हे शुक्राणू व्यवस्थित पोहतात. घडत असताना शेजारच्या पेशी एकमेकींना बारीक पुलांनी जोडलेल्या असतात आणि लागणारी प्रथिनं वाटून घेतात. त्यामुळे स्वतःजवळ अपुरं सामान असलेल्याचंही निभावतं. फलन होतं, भ्रूण बनतो आणि बहुतेकदा सुरुवातीच्या आठवड्यांतच मरतो. तो लवकर मेला तर गाय २१ दिवसांनी नेहमीसारखी माजावर येते. ती कधी फळली होती याचा पत्ताच लागत नाही. जननक्षमतेचं नुकसान साधारण ५ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे एका गोठ्यात जाणवणारही नाही असं. पण कृत्रिम रेतनात एका वळूच्या वीर्याच्या हजारो कांड्या वापरल्या जातात, हे लक्षात घ्यायला हवं.

डुकरांत हेच दुसऱ्या रूपात दिसतं. तिथे बहुधा दोन गुणसूत्रांचे तुकडे आपसांत बदललेले असतात, आणि सदोष शुक्राणूंचं प्रमाण कितीतरी मोठं असतं. मादीच्या पोटात एकाच वेळी बरेच भ्रूण असतात. त्यातले काही मेले तरी सुरुवातीला किमान चारेक जगले की गाभणपण टिकतं. मादी वेळेवर विते, पण पिल्लं मात्र कमी. काही नरांच्या बाबतीत वेत निम्म्यावर येतं. काही अदलाबदली तर शुक्राणूंची निर्मितीच बंद पाडतात.

उघड वांझपणाची प्रकरणं त्यामानानं सोपी. एक्सएक्सवाय गुणसूत्रांच्या, म्हणजे नराच्या एक्सवाय जोडीत एक एक्स जास्त असलेल्या, वळूला माज ओळखता येतो, पण वृषण लहान राहतात आणि वीर्यात शुक्राणू जवळपास नसतातच. तो पहिल्याच वीर्यतपासणीत पकडला जातो, त्यामुळे माझ्या मते त्याची फार काळजी करण्याचं कारण नाही. घात होतो तो जननक्षम दिसणाऱ्या वाहकामुळे, म्हणजे असा जोड किंवा अदलाबदल अंगात बाळगणाऱ्या नरामुळे.

त्याला पकडायला थोडंसं रक्त पुरतं. पांढऱ्या पेशी दोन-तीन दिवस वाढवतात, विभाजनाच्या ऐन मध्यावर त्यांना औषधानं थांबवतात, रंग देतात आणि गुणसूत्रं मोजून जुळवतात. जन्मजात रचना बदलत नसल्यानं ही तपासणी आयुष्यात एकदाच करावी लागते. मात्र ती पैदाशीला सोडण्याआधी व्हायला हवी. वाहकाच्या जगलेल्या पिल्लांपैकी सरासरी निम्मी स्वतः वाहक असतात. म्हणून दोष उशिरा कळला तर तो नर काढून भागत नाही. त्याचे पैदाशीसाठी राखलेले मुलगे आणि मुलीही तपासाव्या लागतात.