भूकंपीय सागरी तापमापन

समुद्रतळाखालील भूकंपांचा ध्वनी पाण्यातून दूरच्या नोंदणी केंद्रापर्यंत पोहोचण्यास लागणाऱ्या वेळेवरून समुद्राच्या तापमानातील बदल काढण्याची पद्धत. ध्वनीचा वेग समुद्रात सेकंदाला सुमारे १,५०० मी. असून थंड, खोल पाणी १° से.ने तापल्यास तो साधारण ४ ते ५ मी.ने वाढतो.

ध्वनीने समुद्र मोजण्याची योजना समुद्रशास्त्रज्ञ वॉल्टर मंक व कार्ल वुन्श यांनी १९७९ मध्ये मांडली. पण तीत ध्वनी कृत्रिम होता. १९९१ मध्ये दक्षिण हिंदी महासागरातील हर्ड बेटाजवळून सोडलेले संकेत महासागरांपार ऐकू गेले, मात्र अशा प्रयोगांना देवमाशांच्या काळजीपोटी विरोध झाला. भूकंपाचा ध्वनी आयताच मिळतो.

या ध्वनीला टी-तरंग म्हणतात, कारण भूकंपलेखावर तो प्राथमिक व दुय्यम तरंगांनंतर तिसरा येतो. नामकरणाचे श्रेय बहुधा लाइनहान यांना (१९४०) देतात; तो समुद्रातून येतो हे टॉल्स्टॉय व यूइंग यांनी १९५० मध्ये दाखवले. त्याच्या उत्पत्तीबद्दल मतभेद आहेत. खडकातून वर येणारा ध्वनी पाण्यात जवळजवळ उभा शिरतो; खोल समुद्रातील ध्वनिवाहिनीत (सोफार; ध्वनीला अडकवून दूरवर नेणारा पाण्याचा थर) टिकण्यासाठी तो जवळजवळ आडवा असावा लागतो. एका मतानुसार उतरता तळ व पृष्ठभाग यांवर वारंवार आपटून तो आडवा होत जातो. दुसऱ्या मतानुसार खडबडीत तळ त्याला विखुरतो. खंडांच्या उतारांपाशी पहिले मत पुरेसे वाटते, सपाट खोल तळावर दुसऱ्याला पर्याय दिसत नाही.

तापमापनासाठी या वादाचा निकाल लागण्याची गरज नाही. एकाच ठिकाणी पुन्हा घडलेल्या, जवळजवळ तंतोतंत सारख्या भूकंपांच्या जोड्या घेतल्या की उत्पत्तीतील अनिश्चितता दोन्हींकडे सारखीच राहते आणि वजाबाकीत निघून जाते. भूकंपांच्या वेळांतील फरक मात्र जमिनीवरील केंद्रांत टिपलेल्या प्राथमिक तरंगांवरून काढावा लागतो.

वेनबो वू व सहकाऱ्यांनी २०२० मध्ये सुमात्राजवळच्या निआस बेटापाशी घडलेल्या भूकंपांच्या सुमारे २,००० जोड्या हिंदी महासागरातील दिएगो गार्सिया बेटावरील भूकंपलेखांवरून तपासल्या. सुमारे ३,००० किमी.चा हा प्रवास अर्ध्या तासाहून थोडा अधिक वेळ घेतो. २००५ ते २०१६ या काळात पूर्व विषुववृत्तीय हिंदी महासागर दशकाला सुमारे ०·०४४° से. या दराने तापल्याचे आढळले. म्हणजे प्रवासवेळ दशकात जेमतेम पाव सेकंदाने घटला. समुद्रात वाहत राहून तापमान मोजणाऱ्या आर्गो तरंडांच्या मोजणीतून त्याच पट्ट्यासाठी निघणारा दर याहून कमी होता.

उत्तर मिळते ते संपूर्ण मार्गाच्या सरासरीचे. उष्णता नेमकी कोठे साठली हे एका मार्गावरून कळत नाही. पुढे अणुचाचणीबंदी कराराच्या जलध्वनिग्राहकांच्या नोंदीही याच कामी वापरण्यात आल्या.